बोयीचा काटा आणि जवळ्याचा डबा

काटा

मनस्वी जेवताना तोंड उघडायची, पण ताटाकडे बघायची नाही. पाण्याच्या तांब्याला फोन टेकवलेला असायचा. त्यात कुणीतरी एक मुलगी खेळण्यांची खोकी फोडत असायची. खोकं उघडलं की मनस्वीचंही तोंड उघडायचं, आणि तेवढ्यात तिची आई सुनयना भाताचा घास आत सारायची. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. मनस्वी आता आठ वर्षांची होती आणि जूनमध्ये तिसरीत जाणार होती.

त्या संध्याकाळी बोयीचं कालवण होतं. बोय खाडीचा मासा, गोड आणि काटेरी. सुनयनाचा उजवा हात ताटात काटे काढत होता. डाव्या हाताचा अंगठा तिच्या फोनवर उद्याच्या ऑर्डरी बघत होता. आसपासच्या सोसायट्यांना ती तांदळाच्या भाकऱ्या आणि कालवण करून द्यायची. तिचा नवरा शिवा भिंतीला टेकून आपल्या फोनात टेम्पोसाठी भाडं शोधत होता. मासा बघून मासा खाणारी घरात एकच, शिवाची आई गोजरा. तिचा फोन तिच्या मांडीखाली होता.

खोकं उघडलं. तोंड उघडलं. घास आत गेला. मग मनस्वीचे डोळे पहिल्यांदाच फोनवरून हलले.

"काय झाला गो?" गोजराने विचारलं.

मनस्वीने गळ्याकडे बोट दाखवलं.

सुक्या भाताचा गोळा झाला. केळं झालं. पाठीत थापट्या झाल्या. काटा हलेना. पोरीची लाळ फ्रॉकवर गळायला लागली. शिवाने टेम्पो काढला, पुढे चौघं दाटीवाटीने बसली, मनस्वी गोजराच्या मांडीवर तोंड उघडं ठेवून. सानपाडा गावाच्या तोंडाशी गावदेवीचं देऊळ आलं आणि गोजरा म्हणाली, "थांबव."

"आये, डॉक्टर बंद करेल."

"देवी पन बंद करते. थांबव."

गोजरा उतरली आणि उंबऱ्यातूनच ओरडून बोलली. लग्नसराईतल्या हळदीच्या डीजेंनी देवीचे कान गेलेत, असं तिचं ठाम मत होतं.

"आई, पोरीचा काटा निंगू दे. आगोटीचं आठ दिस माझे घरान कोन फोनाला हात लावनार नाय."

आत समई पुसत बसलेली, देवळाचं सगळं बघणारी सखू मान वर करून म्हणाली, "आयकला गो. मी पन आयकला."

वाशीच्या डॉक्टरने चिमट्याने अर्ध्या मिनिटात काटा काढला. अर्ध्या नखाएवढा होता. त्याने तो कापसात ठेवून गोजराच्या हातात दिला, तिने पदराच्या टोकात बांधला.

परतताना मनस्वी पहिलं वाक्य बोलली.

"मी आता मासे खाणारच नाही. कधीच."

"नको खाऊ, बाळा," सुनयना म्हणाली. "आपण पनीर आणू."

गोजराच्या सासऱ्याने खाडीत जाळी टाकली होती, बापाने मिठागराच्या खाजणात निवट्या धरल्या होत्या. तिने खिडकीबाहेर पाहिलं.

"माझे घरान," ती म्हणाली, "पनीर."


नवसाचे कलम

"म्हणजे पोरीला फोन द्यायचा नाही ना?" शिवाने घरी आल्यावर विचारलं.

"मी पोरीचं नाव नाय घेतला."

"मग?"

"'घरान कोन' बोललू."

शिवा खाली बसला. "आये, 'मनस्वी' बोलायला किती वेळ लागतो?"

"तुज्या पोरीची लाल गलत होती. मी काय वकील घेऊन गेलू व्हती?"

सकाळी गोजरा सखूकडे गेली. नवस थोडा कमी करता येईल का, शिवाचं भाडं फोनवर येतं, सुनेच्या ऑर्डरी फोनवर येतात, तेवढे दोघे वगळले तर?

सखू फुलं निवडत होती. "गोजरे, काटा निंगाला का नाय?"

"निंगाला."

"मंग? देवीनं अर्धा काटा काढला का? नवस काय रेशनकार्ड हाय, नाव कमी कराला?"

गोजरा परत आली. माळ्यावरून गेल्या वर्षीचा जवळ्याचा पत्र्याचा डबा काढला, तळाशी उरलेला चुरा तसाच ठेवून त्यात तीन फोन टाकले आणि झाकण दाबलं. मनस्वीला वेगळा फोन नव्हता. तिघांचेही तिचेच होते.


पहिला दिवस

आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. खाडी बंद व्हायच्या आत सुकी मासळी, मसाला, पापड सगळं घरात यायला हवं. गल्लीतल्या बाकीच्या बायका आता सुका जवळा बाजारातून आणायच्या. गोजरा अजून ओला जवळा आणून स्वतःच्या गच्चीवर सुकवायची. पहाटे टोपल्या आल्या. तिने गच्चीवर जुनी जाळी अंथरली आणि त्यावर खराट्याने जवळा पसरला. कोळंबीसारखे इवलेसे गुलाबी जीव, त्यांना मोहरीएवढे काळे डोळे. उन्हं चढली तशी गच्चीची लादी तापली. पायाखाली ओलं गोणपाट घेतल्याशिवाय उभं राहवेना.

नऊला कावळे आले.

पूर्वी कावळे हाकायला घरातली पोरं बसायची. गेल्या मे महिन्यात मनस्वीला बसवलं होतं. ती फोन घेऊन बसली आणि कावळ्यांनी तिच्या पायाशी येऊन अर्धं जाळं साफ केलं. एक तर म्हणे तिच्या खांद्यावर बसून पडद्यात बघत होता.

ह्या वर्षी गोजराने तिच्या हातात काठी दिली आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवलं. फोनांचा डबा तिच्या शेजारी ठेवला.

"जवला कावल्यांपासून राखाचा. डबा माणसांपासून."

"माणसं म्हणजे कोण?"

"तुजे आई-बाप."

"आणि तू?"

"मी कनाला येऊ?" गोजरा म्हणाली आणि खाली गेली.

दुपारी जेवणाला मनस्वी ताटासमोर बसली आणि सवयीने तोंड उघडलं. कुणी घास घातला नाही. तोंड थोडा वेळ तसंच उघडं राहिलं. मग तिने हाताने भात उचलला. घास ओठापर्यंत पोचेस्तोवर निम्मा मांडीवर सांडला. आठ वर्षांच्या पोरीला स्वतःचं तोंड सापडत नव्हतं. सुनयना भरवायला पुढे सरकली, गोजराने तिचं मनगट धरलं.

मनस्वी रडली. भात गार झाला. ती म्हणाली पोटात दुखतं, मग डोकं दुखतं, मग म्हणाली तुम्ही सगळे वाईट आहात. गोजरा समोर बसून राहिली. चार वाजता मनस्वीने गार भात आणि वरण पुसून खाल्लं. माशाच्या वाटीला हात लावला नाही.


दुसरा

शिवा वीस वर्षं टेम्पो चालवत होता. फोन नाही म्हणून तो सकाळी वाशीच्या बाजाराच्या गेटवर जाऊन उभा राहिला, अगदी सुरुवातीला राहायचा तसा. उन्हात दोन तास गेले. हातांचं काय करायचं ते कळेना. एकदा खिशात, एकदा कमरेवर, एकदा उगाच टेम्पोच्या आरशावर.

एका हमालाने विचारलं, "शिवाशेठ, फोन गेला का चोरीला?"

"देवीकडे आहे."

"कुठल्या देवीकडे? रिपेरिंगला?"

शिवाने नवस सांगितला. त्याला वाटलं आता गेटवर हसतील. पण हमालाने कपाळाला हात लावला आणि आत जाऊन एका व्यापाऱ्याला सांगितलं. व्यापारी बाहेर येऊन शिवाच्या पाया पडतो की काय असं वाटलं, पण त्याने नुसते कांदे दिले. खारघरला पोचवायचे.

खारघरला शिवा तीनदा एकाच चौकात आला. फोनातली बाई वळायला सांगायची तिथे आता कुणी बोलत नव्हतं. शेवटी एका इस्त्रीवाल्याला विचारलं. त्याने विचारलं, "नवीन आहात का इकडे?"

"ही जागा आमच्या मामाचं शेत होती," शिवा म्हणाला.

इकडे सुनयनाने गेटवर खडूने लिहिलं होतं : आठ दिवस फोन बंद. ऑर्डर येऊन सांगा. लोक आले नाहीत. लोकांनी खालच्या नूरीनला फोन केला. नूरीन तळमजल्यावर भाड्याने राहायची आणि कपडे शिवायची. माहेर श्रीवर्धनकडचं. दुपारपर्यंत घराचे सगळे फोन तिच्यावर यायला लागले. ती मशीन थांबवून जिन्यात यायची आणि वर तोंड करून हाक द्यायची.

"सुनयना, बी विंगमधल्या मॅडम विचारतात, भाकऱ्या सहा की आठ?"

"त्यांना विचार, त्यांना किती पाहिजेत."

"त्या म्हणतात गेल्या वेळी किती घेतल्या ते तुला माहीत."

"ते फोनात आहे."

"ती म्हणते फोनात आहे," नूरीनने फोनात सांगितलं. मग वर ओरडली, "त्या म्हणतात बघून सांगा."


तिसरा

शिवा गच्चीवर आला.

"जवळा परतायला आलो," तो म्हणाला.

"आजीने परतला," मनस्वी म्हणाली. तिच्या डोक्यावर ओला पंचा होता, काठी मांडीवर. "तो लंगडा कावळा बघ पप्पा. तो पहिला येत नाही. दुसऱ्यांना पाठवतो."

"हो का." शिवा टाकीला टेकला. मग डब्याजवळ सरकला. मग चप्पल काढून पायाच्या अंगठ्याने झाकणाची कड उचलायला लागला. "हात लावायचा नाही असंच बोललीय ना आजी?"

काठी घोट्यावर बसली.

खालून सुनयना आली तेव्हा शिवा एका पायावर होता.

"काय झालं?"

"मुंगी चावली."

"मुंगी नाही," मनस्वी म्हणाली. "आई, तू का आलीस?"

सुनयनाच्या हातात चिमटा होता, भाकरी उलटायचा. तो तिने पाठीमागे नेला.


चौथा : जिन्यात ऐकलेलं

"आजी."

"काय गो? तू वर बस, कावले येतील."

"तू नूरीनआंटीच्या घरात काय करतेस?"

"बलाऊज टाकाला आयलू."

"मग फोनमध्ये भाविकाआत्या का दिसते?"

"ती आपली आपन दिसते. नूरीननी धरलाय फोन. माजे हात बग, पाठीमागं हायेत."

"नूरीनआंटी, आजी रोज येते?"

"मला नको विचारू बाळा, मी भाडेकरू आहे."

"आये, कोण आहे तिथे?" हे फोनातून. "मनस्वी आहे का? मनस्वी, तुझा काटा निघाला ना?"

"निघाला. आत्या, मी फोनकडे बघत नाहीये. भिंतीकडे बघून बोलतेय. ठेव आता."

"अगं पण—"

"नूरीनआंटी, बंद करा. आजी, चल."

"कुठं?"

"गच्चीवर. तू बस कावळे हाकत. मी सावलीत बसणार."

"माजे गुडगे—"

"नवस कोणी बोलला होता?"

खालून वर दोन जोडी पावलं. एक जोडी हळू.


पाचवा

डब्यातल्या फोनांच्या बॅटऱ्या संपल्या.

एवढंच, पण त्याचा परिणाम झाला. चार दिवस डबा अधूनमधून वाजायचा. सकाळी सहाचा गजर, भाड्यांचे फोन, कुणाचे गुड मॉर्निंग. पत्रा घुमायचा आणि कावळे भुर्रकन उडायचे. मनस्वीचं निम्मं काम डबाच करायचा. आता तो मुका झाला. दहा वाजता लंगड्या कावळ्याने डब्यावर बसून बघितलं, चोच मारून बघितली, आणि बाकीच्यांना हाक दिली.

त्या दिवशी मनस्वी अकरा ते चार उभी होती. दंड भाजले. घसा बसला. एक जाळं वाचवलं, दुसऱ्याचा कोपरा गेला. संध्याकाळी गोजराने सुपात जवळा पाखडला, सालं उडवली आणि पहिली ओंजळ तिच्यासमोर धरली. कडकडीत सुकला होता, वाजत होता.

"यो तू राखलास."

मनस्वीने एक जवळा उचलला, डोळ्याला डोळा लावून बघितला आणि तोंडात टाकला.

"हा मासा नाही ना?"

"नाय गो," गोजरा लगेच म्हणाली. "यो जवला."


सहावा आणि अर्धा सातवा

गोजरा तापलेल्या गच्चीवर बसायला येताना ताट घेऊन यायला लागली. सहाव्या दिवशी तिने तळलेली बोय आणली. स्वतःच खायला बसली, हळूहळू, मनस्वीकडे पाठ करून. पोरगी आपोआप पुढे येऊन बसली.

"बोटांनी बगाचा. आधी पाठीवर अशी रेघ. मंग वरचा मास बाजूला. मंग यो मोठा काटा शेपटीकडून धराचा, वढाचा नाय, उचलाचा."

अख्खा काटा फणीसारखा वर आला. मनस्वीने हातात घेऊन सूर्याकडे धरला.

"मला काढू दे. खाणार नाही, नुसता काढणार."

"काढ."

तिने आजीच्या माशाची दुसरी बाजू साफ केली. त्यात एक कावळा जवळ्यात उतरला, तरी दोघींनी बघितलं नाही. पोटाकडचे बारीक काटे राहिले, ते तिने एकेक करून ताटाच्या कडेला मांडले. बावीस निघाले. शेवटी जे मांस उरलं ते इतकं चिवडलेलं होतं की गोजराने ते पिळून तोंडात टाकलं.

"काटा हाय का?" मनस्वीने श्वास धरून विचारलं. हे 'हाय' ती पहिल्यांदाच म्हणाली.

"नाय."

सातव्या दिवशी अकराला खाली गेटवर गलका झाला. गोजराची मुलगी भाविका उरणहून आली होती. तीन दिवस कुणाचा फोन लागेना, नूरीनकडे आईला हात मागे करून उभं बघितलं, तेव्हापासून तिला चैन नव्हतं. तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत बोय.

"तुला कुणी बांधून ठेवलंय का गं आये?"

"तुज्या भाचीनी."

भाविका जिन्यात बसून हसत सुटली. मग म्हणाली, "मी शेवटची कधी आले होते इथे?"

कुणालाच आठवेना. ती रोज दुपारी फोनात यायची, त्यामुळे कुणी मोजलं नव्हतं. उरणहून गाडी थेट येत होती.

"राहते उद्यापर्यंत," भाविका म्हणाली.


आठवा

संध्याकाळी देवीपुढे नारळ फुटला. सखूने विचारलं, "पाळला?"

"हातानी पालला," गोजरा म्हणाली. सखूने पुढे विचारलं नाही.

घरी डबा उघडला. फोन बाहेर आले तसा घरभर जवळ्याचा वास पसरला. शिवाने आपला शर्टाला पुसला, हुंगला, तोंड वाकडं केलं आणि चार्जिंगला लावला. मनस्वीने विचारलं, "मला कधी?" जेवण झाल्यावर अर्धा तास, असं ठरलं. ते गोजराने ठरवलं, सुनयनाने मान हलवली. मनस्वी पाऊण तास म्हणाली. अर्ध्या तासावरच राहिलं.

जेवायला सगळे गोल बसले. भाविकाने आणलेल्या बोयीचं कालवण होतं. ताटं वाढून झाली. मनस्वीच्या ताटात एक तुकडा होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. तांब्या तिच्यासमोरच होता, त्याला काहीही टेकवलेलं नव्हतं. तिने पाठीवर रेघ मारली. मांस बाजूला केलं. मोठा काटा शेपटीकडून धरून उचलला. मग पोटाकडचे.

गोजराचा घास हातातच राहिला होता.

शिवाचा फोन चालू झाला. आठ दिवसांचं सगळं एकदम आलं, टिंग टिंग टिंग, थांबेचना. तो भिंतीकडे सरकला, फोन मांडीवर घेतला, डाव्या अंगठ्याने वर वर सरकवत उजव्या हाताने घास घेत राहिला. "अरे ह्याचं लग्न झालं पण," तो स्वतःशी म्हणाला, आणि त्याचा अंगठा थांबला.

त्याने गळा धरला.

"काय झाला रं?" गोजरा म्हणाली.

शिवाने गळ्याकडे बोट दाखवलं.

सुनयनाने सुक्या भाताचा गोळा पुढे केला. गेला, पण काटा राहिला. दुसरा गेला. शिवाच्या डोळ्यांत पाणी आलं. भाविका केळं शोधायला धावली. गोजरा उठली, देवळाच्या दिशेने तोंड केलं, हात जोडले आणि श्वास भरला.

सुनयनाने उडी मारून तिचं तोंड दाबलं. लग्न होऊन आल्यापासून सुनेने सासूला लावलेला हा पहिला हात.

"आई, तुम्ही नको. पाया पडते. तुम्ही काही बोलू नका."

तेवढ्यात मनस्वीने खरकटे हात जोडले.

"गावदेवी, मी मनस्वी शिवा पाटील, सानपाडा गाव, आता तिसरीत." तिने नीट विचार करून एकेक शब्द टाकला. "माझ्या पप्पांचा काटा निघू दे. पप्पा जेवताना फोनला हात लावणार नाहीत. पाय पण नाही. दुसऱ्याने धरलेला पण बघणार नाहीत. फक्त पप्पा. बाकीच्यांचं नंतर बघू. शाळा सुरू होईपर्यंत नाही, कायमचं."

शिवाला बोलता येत नव्हतं. त्याने मान हलवली, नाही नाही म्हणून जोरजोरात हलवली, दोन्ही हात हलवले, पोरीकडे बोट दाखवून पुन्हा मान हलवली, आणि त्या झटक्यात भात आणि काटा सगळंच खाली उतरलं. त्याने आवंढा गिळला. परत गिळला. काही टोचलं नाही.

सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

"मी हो म्हटलेलं नाही," शिवा म्हणाला.

"मी तरी तुना इचारला व्हता का?" गोजरा खाली बसत म्हणाली.

मनस्वी उठली. बापाच्या मांडीवरचा फोन दोन बोटांनी उचलला, डब्यात टाकला, झाकणावर तळहात दाबला आणि परत आपल्या ताटापुढे येऊन बसली. तुकडा निवला होता. तिने बोटांनी एकदा चाचपून बघितला, तोंडात टाकला आणि चावत राहिली. डब्यात फोन वाजायला लागला. पत्रा घुमला. कुणी उठलं नाही. वाजून वाजून थांबला.

थोड्या वेळाने खालून, जिन्यातून नूरीनची हाक आली.

"शिवाभाऊ, तुमचा फोन माझ्यावर येतोय. काय सांगू?"

शिवाने आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मनस्वीने तोंडातला घास संपवला, जिभेने एक काटा ओठावर आणला, चिमटीत धरून ताटाच्या कडेला ठेवला.

"जेवतायत म्हणून सांगा," ती ओरडली.